मारबत जाते, हवालदार उरतो

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या महालात कुणाचं काही काम होत नाही. सकाळपासून ढोल, गुलाल, गावाची पीडा घेऊन जळायला निघालेले मारबत आणि बडग्यांचे पुतळे, आणि खिडकीखाली ‘इडा पिडा, खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत!’ या आरोळ्या. या महिन्याची पत्रं मी त्याच गोंगाटात वाचली. गठ्ठ्यातली पाच पत्रं वेगळी काढली, कारण पाचही जणांनी आपापल्या दुखण्यातून एकच गोष्ट विचारली आहे: येऊन गेलेला रोग शरीराच्या लक्षात राहतो म्हणजे नेमकं काय राहतं, कुठे राहतं? काढा, मध आणि ‘इम्युनिटी कशी वाढवायची’ ही पत्रं यंदा बाजूला ठेवली आहेत. त्यांना एवढंच सांगते की भलत्या जागी वाढलेल्या इम्युनिटीला आम्ही संधिवात, कोड, दमा अशी नावं दिलेली आहेत. नुसती वाढवून मागू नका.

प्रश्न: माझं वय ७४. नवव्या वर्षी कांजिण्या येऊन गेल्या. आई म्हणायची, एकदा आल्या की जन्माची सुटका. परवा उजव्या बरगडीवर आग होऊन फोडांचा पट्टा उठला. डॉक्टर म्हणाले नागीण, कांजिण्यांचाच विषाणू. मग शरीराची आठवण पुसली काय? शेजारी सांगतात, नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो. घरात पाच महिन्यांची नात आहे, तिला घेऊ की नको? (एक वाचक, जुनी शुक्रवारी)

भाऊ, आधी नात. फोडांवर खपल्या धरेपर्यंत तिला जवळ घेऊ नका आणि पट्टा कापडानं झाकून ठेवा. तुमच्या फोडातल्या पाण्यातून तिला नागीण होणार नाही, पण कांजिण्या होऊ शकतात. गोळ्या सुरू केल्या नसतील तर आजच करा. पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झालेल्या विषाणूविरोधी गोळ्यांचा उपयोग सर्वांत जास्त. पट्टा कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असता तर मी तुम्हाला हे उत्तर वाचत बसू दिलं नसतं, सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं.

आता शेपटीचं. पाठीच्या कण्यातून निघणारी प्रत्येक नस शरीराच्या एकाच बाजूचा पट्टा सांभाळते, उजवी उजवीकडचा आणि डावी डावीकडचा. विषाणू त्या एका नसेच्या मुळाशी दडलेला असतो आणि तिच्याच वाटेनं बाहेर येतो. म्हणून पट्टा छातीच्या मध्यरेषेवर येऊन थांबतो आणि तोंडाला शेपूट सापडत नाही. ज्यांच्यात पुरळ शरीरभर पसरतं त्यांची प्रतिकारशक्ती आधीच दुसऱ्या एखाद्या आजारानं खचलेली असते. त्यांच्या मरणाचं खापर बिचाऱ्या नागिणीवर फुटलं.

तुमच्या आईचं म्हणणं खोटं नव्हतं. माझ्या आजीचा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला होता. वाड्यात कुणा पोराला देवी आल्या की त्याला आजीच्याच खोलीत टाकायचे, कारण ‘मला आता ती शिवत नाही’ हे तिला पक्कं ठाऊक होतं. हे शहाणपण फार जुनं आहे. उत्तर अटलांटिकातल्या फेरो बेटांवर १७८१ मध्ये गोवराची साथ आली, आणि मग ६५ वर्षं गोवर तिकडे फिरकलाच नाही. १८४६ मध्ये तो परत आला तेव्हा सुमारे ७,८०० वस्तीतले ६,००० लोक आजारी पडले. पानुम नावाचा पंचविशीतला डॅनिश डॉक्टर तिथे पाठवला गेला होता. त्यानं लिहून ठेवलं की १७८१ चा गोवर अंगावर काढलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही पुन्हा गोवर झाला नाही. मधल्या ६५ वर्षांत उजळणी नाही, तरी पाठ होतं.

मग तुमचंच का घसरलं? गोवर जातो तेव्हा खरोखर जातो. कांजिण्यांचा विषाणू जात नाही, नसांच्या गाठीत झोपतो. त्याला झोपलेला ठेवणं हे टी पेशींचं, म्हणजे विषाणू शिरलेल्या पेशी ओळखणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचं काम आहे. तुमच्या रक्तातली कांजिण्यांविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) आज मोजली तर बहुधा बऱ्यापैकी भरतील, पण या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशींचा पहारा साठीनंतर विरळ होत जातो. सिरेन्सेस्टर या इंग्लिश गावातले डॉक्टर होप-सिम्पसन यांनी आपल्या दवाखान्यातल्या नागिणीच्या रोग्यांची वर्षानुवर्षांची टिपणं जुळवून १९६५ मध्येच हा अंदाज बांधला होता. पन्नाशीनंतर घ्यायची नागिणीची लस आता आपल्याकडे मिळते, दोन डोस असतात. ती महाग आहे हे मान्य. हे दुखणं ओसरलं की डॉक्टरांशी त्याबद्दल जरूर बोला, कारण नागीण दुसऱ्यांदाही होते.

प्रश्न: मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुस्तकात एकच वाक्य आहे, ‘यांतील काही पेशी स्मृतिपेशी बनतात.’ कोणत्या काही? कोण ठरवतं? सरांना विचारलं तर म्हणाले, परीक्षेला एवढंच येतं. (एक विद्यार्थिनी, रवीनगर)

पोरी, मी तीस वर्षं हेच शिकवलं आणि मीही बऱ्याच वर्गांत त्याच वाक्यावर घंटा वाजवून घेतली. त्याची भरपाई आज करते. चहा घेऊन बस.

काल खिडकीतून बंदोबस्त बघत होते. एरवी आमच्या चौकात एक हवालदार असतो. मारबतीच्या दिवशी शेकड्यांनी पोलीस, होमगार्ड, गाड्या. संध्याकाळी मारबत जळाली की ही सगळी फौज उठते. समज, ती उठलीच नाही, जत्थेच्या जत्थे चौकात तसेच लाठ्या परजत बसले, तर चार दिवसांत दुकानदारांचीच डोकी फुटतील. शरीराचंही तसंच आहे. म्हणून तुझ्या प्रश्नाचं पहिलं अर्धं उत्तर असं की बहुतेक पेशी मरतात, आणि त्यांनी मरणं हा बिघाड नसून व्यवस्था आहे.

आकडे उंदरातले देते, कारण तिथे ते नीट मोजलेले आहेत. एखाद्या विषाणूचा एखादा तुकडा ओळखू शकणाऱ्या कोऱ्या, म्हणजे अजून लढाई न पाहिलेल्या टी पेशी अख्ख्या उंदरात शंभर-दोनशे असतात. विषाणू शिरला की त्या लसिका ग्रंथीत गाठल्या जातात. आपण ज्याला अवधाण आलं म्हणतो, ती गाठ म्हणजे हीच भरती. तिथे त्या दर काही तासांनी दुप्पट होत जातात आणि आठवड्याभरात संख्या कोटीच्या घरात जाते. विषाणू संपतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्यातल्या नव्वद-पंच्याण्णव टक्के पेशी स्वतःला मोडून घेतात. पू नाही, सूज नाही, गाजावाजा नाही. उरलेल्या पाच-दहा टक्के म्हणजे तुझ्या पुस्तकातल्या ‘काही’.

या पाच-दहा टक्क्यांत कोण, हे एक कुणी साहेब ठरवत नाही. लढाई चालू असताना प्रत्येक पेशीच्या कानावर काय आणि किती वेळ पडलं, यावर ते ठरतं. दाहाचे जोरदार निरोप सतत मिळत राहिले की पेशीत टी-बेट नावाचं प्रथिन चढतं. ही पेशी मारण्यात तरबेज होते, पण तिचं आयुष्य थोडकं. ज्या पेशीला निरोप बेताचे मिळाले तिच्यात टी-बेट कमी राहतं आणि टीसीएफ-१ नावाचं दुसरं प्रथिन टिकतं. तिच्या अंगावर इंटरल्यूकिन-७ नावाचं रसायन पकडणारा हातही शाबूत राहतो. हा हात फार मोलाचा. लढाई संपली की आरडाओरडा थांबतो आणि शिधा एकदम आटतो. इंटरल्यूकिन-७ हा रोजचा शिधा. तो पकडता येणाऱ्या पेशीच्या आत मरणाला अडवणारी प्रथिनं भरलेली राहतात, न पकडता येणारी पेशी त्या महिन्यातच गळते. इंटरल्यूकिन-१५ हे दुसरं रसायन उरलेल्यांना अधूनमधून विभागायला लावून त्यांची संख्या राखतं. विषाणू पुन्हा दिसायची गरज नसते. फेरो बेटांवरच्या म्हाताऱ्यांना ६५ वर्षांत उजळणी लागली नाही ती यामुळेही.

एक भांडण मात्र बरीच वर्षं चाललं. स्मृतिपेशी म्हणजे लढून आलेला शिपाई, की सुरुवातीपासूनच मागे राखून ठेवलेला? माणसात हे पाहायचं कसं? हैदराबादहून अमेरिकेत गेलेले रफी अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुरेख युक्ती केली. पीतज्वराची लस घेतलेल्यांना पहिले दोन आठवडे थोडं जड पाणी, म्हणजे साध्याऐवजी जड हायड्रोजन असलेलं पाणी, प्यायला दिलं. त्या दिवसांत ज्या पेशी विभागतात त्यांच्या डीएनएत त्या जड हायड्रोजनची खूण पडते. पुढे पेशी विभागत राहिली तर खूण पातळ होत जाणार. पुढे कित्येक महिन्यांनी आणि वर्षांनी रक्त तपासलं तर स्मृतिपेशींत खूण जवळजवळ तशीच. म्हणजे त्या पहिल्या पंधरवड्यातच भरपूर वाढल्या होत्या, आणि त्यानंतर वर्षाकाठी एकदासुद्धा विभागत नव्हत्या. हा शोधनिबंध २०१७ चा. त्यात आणखी एक गोष्ट दिसली. बाहेरून या पेशी कोऱ्यासारख्या शांत, पण मारण्याची हत्यारं बनवणारी त्यांची जनुकं कुलूपबंद झालेली नव्हती, कडी नुसती लोटलेली होती. तर हा लढून आलेलाच शिपाई आहे. लाठी हाताशी ठेवून पाय मोकळे करतो आहे, एवढंच.

उरलेले सगळे एकाच ठिकाणी बसत नाहीत. काही लसिका ग्रंथींत राहतात, वेळ पडली की हजारोंनी वाढतात. ही पोलीस लाइनीतली राखीव कुमक. काही रक्तातून आणि ऊतींतून गस्त घालतात. आणि काही जिथे लढाई झाली तिथेच, म्हणजे त्वचेत, फुप्फुसात, आतड्याच्या अस्तरात, कायमचं बिऱ्हाड करतात आणि रक्तात परत येतच नाहीत. हे माझ्या चौकातले हवालदार. रक्त तपासून ते सापडत नाहीत, त्यामुळे त्यांची ओळख पटायलाही उशीर झाला. शेवटच्या पत्रात ते पुन्हा भेटतील.

आता बी पेशी, म्हणजे प्रतिपिंडांचं खातं. आमच्या प्रयोगशाळेत टॉन्सिलची एक जुनी काचपट्टी होती. गडद जांभळ्या गर्दीत मध्येच फिकट गोल दिसायचे. मुलं त्यांना ‘टक्कल’ म्हणायची. ते टक्कल म्हणजे जननकेंद्र, शरीरातली सर्वांत निर्दय शिकवणी. तिथे बी पेशी आपल्या प्रतिपिंडाच्या जनुकात मुद्दाम चुका करतात, शरीरात इतरत्र होतात त्याच्या सुमारे दहा लाख पट वेगानं. मग कुणाची पकड सुधारली याची परीक्षा होते. परीक्षक म्हणजे मदतनीस टी पेशी. त्यांची मदत न मिळालेली बी पेशी तिथेच मरते. या चुका घडवणारं विकर (एन्झाइम) जपानच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. त्यांना २०१८ चं नोबेल मिळालं ते मात्र दुसऱ्याच कामासाठी, त्याचं पुढे सांगते.

या शिकवणीतून दोन तऱ्हेचे विद्यार्थी बाहेर पडतात. पहिले प्लाझ्मा पेशी. त्या हाडांच्या मज्जेत जाऊन बसतात आणि एकेक पेशी सेकंदाला हजारांच्या हिशेबानं प्रतिपिंडं ओतत राहते, काही तर दशकानुदशकं. मज्जेत त्यांना जगवणाऱ्या खोल्या मोजक्याच असतात, ज्याला खोली मिळाली तो टिकला. दुसऱ्या स्मृति-बी पेशी. त्या काही ओतत नाहीत, वाट बघतात. १९१८ च्या फ्लूतून वाचलेल्यांच्या रक्तात २००८ मध्ये, म्हणजे नव्वद वर्षांनी, त्या विषाणूला ओळखणाऱ्या अशा बी पेशी सापडल्या. आणि मला नेहमी गंमत वाटते ती ही: स्मृति-बी पेशी पुष्कळदा शिकवणीतून लवकर उठलेल्या असतात, त्यांची पकड सर्वोत्तम नसते. वर्गातला पहिला नंबर मज्जेत कारखाना टाकतो आणि मधल्या बाकावरची पोरं राखीव राहतात. कारण चोर पुढच्या वेळी मिशी काढून येऊ शकतो. हुबेहूब जुन्याच चेहऱ्याला पकडणारा तेव्हा फसतो, ढोबळ ओळखणारा फसत नाही.

नियंत्रण कोण करतं, असंही तू पत्राच्या कोपऱ्यात लिहिलं आहेस. एक गट नियामक टी पेशींचा, बाकीच्यांना आवरणारा. शिमोन साकागुची, मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चं नोबेल याच कामासाठी मिळालं. जननकेंद्रातही या पेशींचा पहारा असतो, नाहीतर त्या चुकांच्या कारखान्यातून स्वतःच्याच शरीराविरुद्धची प्रतिपिंडं निघतील. दुसरा लगाम म्हणजे पीडी-१. विषाणू महिनोन्‌महिने हटलाच नाही, जसं जुनाट हिपॅटायटिस बी मध्ये किंवा एचआयव्हीत होतं, तर टी पेशी या लगामानं थकवून बसवल्या जातात आणि चांगली स्मृती बनतच नाही. हा लगाम होंजोंनी शोधला, तो कॅन्सरमध्ये सैल करता येतो हे पुढे कळलं, आणि त्यांचं नोबेल ते.

आणि स्मृती पुसलीही जाते, नुसती वयानं नव्हे, चोरीनंही. गोवराचा विषाणू पेशीत शिरायला जो दरवाजा वापरतो तो स्मृतिपेशींवर भरपूर असतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं, तेव्हा इतर रोगांविरुद्धच्या त्यांच्या प्रतिपिंडांच्या साठ्यातला ११ ते ७३ टक्के वाटा नाहीसा झाला होता. हे २०१९ चं काम. ‘गोवर आला की पोर मोकळं होतं’ असं आपल्याकडच्या आज्या म्हणतात. मोकळं होतं खरं, पण ते असं. हे परीक्षेत लिहू नकोस, वेळ पुरणार नाही. पण तुझ्या सरांना हे पान दाखव.

प्रश्न: माझ्या १२ वर्षांच्या पोराले दोन वर्षांपूर्वी कुत्रं चावलं होतं, तेव्हा पूर्ण इंजेक्शनं दिली, जखमेतही दिलं. आता गल्लीतलं दुसरं कुत्रं चावलं. या वेळी दवाखान्यात दोनच सांगितली आणि जखमेतलं तर दिलंच नाही. त्याच्या बाबाचं म्हणणं, फुकटचं आहे म्हणून काटकसर केली. काय करू बाई? (एक आई, मानेवाडा)

बाई, बाबांना म्हणावं शांत व्हा. डॉक्टरांनी बरोबर केलं. आधीचा कोर्स पूर्ण झालेल्या निरोगी माणसाला पुन्हा कुत्रं चावलं तर दोनच डोस, पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तीन दिवसांनी (कागदावर ते ‘०’ आणि ‘३’ असं लिहितात). जखमेत भरायचं सीरम लागत नाही.

कारण असं. पहिल्या वेळी तुमच्या मुलाच्या शरीरानं रेबीज कधी पाहिलाच नव्हता. कोरी पेशी शोधा, वाढवा, शिकवा, यात आठवडा-दोन आठवडे जातात. तोवर जखमेत हात धरून बसायला तयार प्रतिपिंडं उसनी दिली, तेच ते सीरम. आता त्याच्याकडे स्मृति-बी पेशी आहेत. लसीचा पहिला थेंब दिसला की त्या थोड्याच दिवसांत प्रतिपिंडांचा पूर आणतात, पहिल्यापेक्षा जास्त आणि चांगल्या पकडीचा. ज्याच्या स्वतःच्या घरात भरलेली कोठी आहे त्यानं उसनं कशाला आणायचं?

पण तीन गोष्टी. ‘लस झाली आहे ना आधी’ म्हणून हे दोन डोस टाळायचे नाहीत. स्मृतीला हाक मारावी लागते, आणि रेबीज सुरू झाल्यावर हाक मारून उपयोग नसतो. दुसरं, जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं घड्याळ लावून धुवायची, हळद-मिरची-चुना काही लावायचं नाही. तिसरं, मागचा कोर्स अर्धवट सुटला असेल किंवा त्याचा पुरावाच नसेल, तर हिशेब पुन्हा पहिल्यापासून. म्हणून तो मागचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशन कार्डाजवळ ठेवा.

प्रश्न: मुलगी तीन वर्षांची, सिकलसेल, एसएस पॅटर्न. निमोनियाची लस सरकारी वेळापत्रकात झाली. आता डॉक्टर निमोनियाचीच आणखी एक वेगळी लस घ्या म्हणतात आणि ती काही वर्षांनी परत लागेल असंही सांगतात. लसीची आठवण राहते ना, मग परत काहून? (एक वडील, उत्तर नागपूर)

विदर्भात हा प्रश्न घरोघरचा आहे, म्हणून जरा थांबून सांगते. निमोनियाच्या जंतूवर साखरेचा कोट असतो. आपल्या जेवणातली साखर नव्हे, साखरेच्या रेणूंची लांब साखळी. मदतनीस टी पेशींना साखर वाचता येत नाही, त्या प्रथिनच वाचतात. टी पेशी नाही म्हणजे वर सांगितलेली शिकवणी नाही, आणि शिकवणी नाही म्हणजे स्मृती नाही. दोन वर्षांखालचं मूल तर नुसत्या साखरेला धड उत्तरच देत नाही.

यावरची तोड अशी की साखरेचा तुकडा एका प्रथिनाला जोडायचा. बी पेशी साखर म्हणून धरते, पोटात प्रथिनही जातं, टी पेशीला वाचायला काहीतरी मिळतं आणि शिकवणी सुरू होते. तुमच्या मुलीला दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांवर मिळाली ती अशी जोडलेली लस, तिची स्मृती राहते. पण ती या जंतूच्या ठरावीक जातींवर चालते. डॉक्टर आता सांगत आहेत ती २३ जातींची, नुसत्या साखरेची असावी. ती दोन वर्षांनंतरच चालते आणि मागे स्मृती ठेवत नाही, म्हणून साधारण पाच वर्षांनी परत लागते. तुम्हाला फसवत नाहीत.

तुमच्याच मुलीला का? रक्तात शिरलेल्या साखरकोटवाल्या जंतूंना चटकन धरणाऱ्या खास बी पेशी प्लीहेत (स्प्लीनमध्ये) राहतात. सिकलसेलमध्ये वाकड्या होणाऱ्या तांबड्या रक्तपेशी प्लीहेच्या बारीक वाटा बुजवतात आणि लहानपणीच तिचं काम ढासळतं. आपल्याकडच्या काही मुलांत प्लीहा हाताला मोठी लागते, पण मोठी म्हणजे कामाची असं समजू नका. पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन सांगितलं असेल तर एकही दिवस चुकवू नका. आणि तिला ताप आला तर घरी गोळी देऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा.

प्रश्न: दर वेळी एक ठरावीक गोळी घेतली की माझ्या खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर जळजळून काळा डाग पडतो. दर वेळी तिथेच. मैत्रीण म्हणते उष्णता. गोळी पोटात जाते, मग ओठाचा तोच कोपरा कसा सापडतो? (एक वाचक, सदर)

तुम्ही मला हवालदार दाखवायला आयता चौक दिलात. पहिल्या वेळी त्या औषधाविरुद्ध तुमच्या ओठाच्या कोपऱ्यात टी पेशींची चकमक झाली. ती संपली, फौज उठली, पण काही पेशी त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी बिऱ्हाड करून राहिल्या. औषध रक्तातून सगळीकडे जातं, ओठाच्या उजव्या कोपऱ्यातही जातं, पण तिथे ओळखणारं कुणी बसलेलं नाही. डावीकडे आहे. तो काही तासांत उठतो आणि आसपासच्या त्वचेच्या पेशींवर लाठी चालवतो. त्यांतला रंग खालच्या थरात सांडतो, म्हणून डाग काळा, आणि दर वेळी आणखी गडद. काही वेळा नवे डागही वाढतात.

सल्फाच्या गोळ्या, काही वेदनाशामकं, जुलाबावर देतात त्या मेट्रोनिडाझोलच्या जातीतल्या गोळ्या, या यादीत वारंवार सापडतात. तुम्ही गोळीचं नाव लिहिलं नाही. पुन्हा घेऊन खात्री करायच्या भानगडीत पडू नका. रिकामी पट्टी घेऊन त्वचेच्या डॉक्टरकडे जा, त्यांच्याकडून औषधाचं मूळ नाव मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. कंपनीचं नको, कारण तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या पट्टीत वेगळ्या नावानं येतं. तो कागद पर्समध्ये ठेवा आणि यापुढे कुठल्याही औषधाच्या दुकानात आधी तो काढा.